फर्स्ट डे, फर्स्ट शो, तिसरा महिना

हिंदी सिनेमावाल्यांनी आणि मल्टिप्लेक्सवाल्यांनी मिळून एक सोवळं पाळायचं ठरवलं आहे. सिनेमा थिएटरात लागला की पुढचे आठ आठवडे त्याने मोबाइलला, टीव्हीला, घरातल्या कुठल्याच पडद्याला शिवायचं नाही. आठ आठवडे सरले की मग खुशाल ओटीटीवर यावं. तेलुगू-तमिळवाल्यांचं सोवळं जरा सैल, ते साधारण चार आठवड्यांत सुटतं.

२०२५ च्या मे महिन्यात हे सोवळं मोडायची वेळ आली. 'भूल चूक माफ' नावाचा सिनेमा ९ मेला थिएटरात लागणार होता. तेवढ्यात ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, आणि आदल्या दिवशी निर्मात्यांनी जाहीर करून टाकलं की आता थिएटर नको, १६ मेला थेट प्राइम व्हिडिओ. पीव्हीआर आयनॉक्सवाले तडक मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने घरबसल्या बघण्याला स्थगिती दिली. मग तडजोड झाली : २३ मेला थिएटर आणि ६ जूनला प्राइम. आठ आठवड्यांचे दोन झाले, सिनेमाच्या नावाला जागून सगळ्यांनी एकमेकांना माफ केलं आणि प्रकरण मिटलं.

ही बातमी आलापल्लीच्या चौकातल्या पानठेल्यावर मोठ्याने वाचली गेली. ठेलेवाला भाऊ खर्रा घोटत होता. खर्रा घोटताना माणूस निवांत असतो. हात पन्नीवर पुढे-मागे चालू असतात आणि डोकं मोकळं असतं. त्या मोकळ्या डोक्याने त्याने विचारलं, "म्हणजे आता पिक्चर पंधरा दिवसांतच येते म्हणता?"

"हो."

"मंग आपल्याकडे कधी येते?"

या प्रश्नावर कोणत्याही न्यायालयात अजून सुनावणी झालेली नाही.

आलापल्ली कुठे आहे हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगावं लागतं, म्हणून सांगतो. जिल्हा गडचिरोली, तालुका अहेरी. चौकात उभं राहिलं की एक रस्ता आष्टीवरून चंद्रपूरला जातो, एक सिरोंच्याला, एक भामरागडला, एक एटापल्लीला आणि एक अहेरीला. रस्त्यांना तोटा नाही. जंगलाला तर नाहीच. इथला साग इतका नावाजलेला की अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाच्या डेपोतून लाकूड गेलं, ते आमच्याकडच्या जंगलातलं. आलापल्लीचा साग अयोध्येला पोहोचतो आणि मुंबईचा सिनेमा आलापल्लीला पोहोचत नाही, याचं कारण वनखात्याच्या माणसाला चटकन कळेल. लाकडाला वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, लागतो आणि रीतसर मागितला तर तो मिळतो. सिनेमाचा टीपी मात्र आठ आठवडे अडकलेला.

आता कोणी म्हणेल, मग थिएटरात जाऊन बघा. जातो ना. चंद्रपूर इथून शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. रस्त्याने लोहखनिजाचे ट्रक एकामागे एक असे चाललेले असतात की त्यांच्यामागे एसटी लागली, तर सिनेमाआधीच मध्यंतर होतं. तिकिटापेक्षा एसटीचं भाडं जास्त, भाड्यापेक्षा पॉपकॉर्न जास्त, आणि रात्रीचा शो बघितला तर मुक्काम. त्यामुळे आलापल्लीतून चंद्रपूरला केवळ सिनेमा बघायला कोणी जात नाही. दवाखान्यात दाखवायला गेलेल्या माणसाला रक्ताचा रिपोर्ट चार तासांनी मिळणार असतो, तेव्हा तो आणि सोबतचा मेव्हणा सिनेमा बघतात. म्हणून आमच्याकडे एखाद्याने नवा सिनेमा थिएटरात बघितल्याचं सांगितलं, की लोक गोष्ट विचारत नाहीत. विचारतात, "काहून, घरी कोणी बिमार आहे का?"

पोरांचा मार्ग वेगळा. वांगेपल्लीचा पूल ओलांडला की प्राणहितेच्या पलीकडे तेलंगणा. मोठ्या तेलुगू हिरोचा सिनेमा लागला की दुचाक्या निघतात कागजनगरकडे. भाषेची अडचण नाही. या भागात माणूस घरात एक भाषा बोलतो, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी. पोरांना कामापुरतं तेलुगू येतंच. पोरं परत येतात ती घसा बसवून, कारण तिकडे हिरो पडद्यावर आला की गप्प बसणाऱ्याकडे संशयाने बघतात.

बाकीच्यांकडे सिनेमा येतो तो उलटा येतो.

शहरात आधी सिनेमा, मग चर्चा. आमच्याकडे सर्वांत आधी शेवट येतो. शुक्रवारी दुपारी पुण्याहून भाच्याचा फोन : "मामा, काय जबरदस्त पिक्चर आहे! तुम्ही बघणार आहात ना? मग सांगत नाही. फक्त एवढंच सांगतो, तो मित्रच असतो खरा खुनी." दुसऱ्या आठवड्यात विनोदी प्रसंग येतात, तीस-तीस सेकंदांचे, रीलमधून. तिसऱ्यात गाणी. ती लग्नाच्या वरातीत डीजेवर इतकी वाजतात की आपण तो सिनेमा पाहिला आहे असं निम्म्या गावाला वाटू लागतं. चौथ्यात हिरोच्या शर्टाचा कपडा अहेरीच्या बाजारात. पाचव्या-सहाव्यात कोणीतरी तो सिनेमा बकवास असल्याचं ठासून सांगतं, त्यानेही तो पाहिलेला नसतो. आणि तिसऱ्या महिन्यात, जेव्हा खुनी, विनोद, गाणी आणि शर्ट सगळं जुनं झालेलं असतं, तेव्हा रीतसर सिनेमा येतो. आम्ही तो मन लावून बघतो. फक्त मित्र पहिल्यांदा पडद्यावर येतो तेव्हा घरातले सगळे एका सुरात म्हणतात, "हाच तो."

आमच्या भागावरचा सिनेमाही याला अपवाद नाही. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पावरचा 'डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रियल हीरो' १० ऑक्टोबर २०१४ ला महाराष्ट्रातल्या थिएटरांत लागला. नाना पाटेकरांनी साकारलेला डॉक्टर ज्या हेमलकशात राहतो, तिथे जायचा रस्ता आमच्या चौकातून जातो. आता हेमलकशात थिएटर कुठलं? 'आरआरआर'मधला कोमराम भीम तर प्राणहितेपलीकडचा गोंड वीर. पलीकडच्या जिल्ह्याचं नावच कोमराम भीम आसिफाबाद. सिनेमातली कथा काल्पनिक असली तरी नाव शेजारचं. तो सिनेमा २५ मार्च २०२२ ला आला आणि ओटीटीवर २० मेला. बोटं मोजा, बरोबर आठ आठवडे. शेजाऱ्याची गोष्ट जग फिरून, सोवळं पाळून मग आमच्या ओसरीवर आली.

या सगळ्याला उपाय एकच, असं आम्ही कधीपासून म्हणतो आहोत : थिएटरात आणि घरी एकाच दिवशी. ही कल्पना काही आलापल्लीत निघालेली नाही. अमेरिकेत स्टीव्हन सोडरबर्गने जानेवारी २००६ मध्ये 'बबल' नावाचा छोटा सिनेमा थिएटरात आणि केबलवर एकाच दिवशी आणला, चार दिवसांत डीव्हीडीही. मोठ्या थिएटर-साखळ्यांनी तो लावायलाच नकार दिला. २०१३ मध्ये कमल हासनने 'विश्वरूपम' थिएटरच्या आदल्या रात्री डीटीएचवर दाखवायचा घाट घातला, हजार रुपयांत. हजार रुपये ऐकून प्रेक्षक दचकले आणि आदली रात्र ऐकून थिएटरवाले. बेत बारगळला. २०२० च्या डिसेंबरात वॉर्नर ब्रदर्सने सांगून टाकलं की पुढच्या वर्षीचे आमचे सगळे सिनेमे अमेरिकेत थिएटरसोबत एचबीओ मॅक्सवरही त्याच दिवशी. त्यावर ख्रिस्तोफर नोलन एवढा भडकला की पुढचा 'ओपनहायमर' तो दुसऱ्या कंपनीकडे घेऊन गेला.

आपल्याकडचा मोठा प्रयोग म्हणजे सलमान खानचा 'राधे'. १३ मे २०२१. तेव्हा करोनाची दुसरी लाट होती, महाराष्ट्रातली थिएटरं बंद. सिनेमा 'थिएटरात आणि घरी एकाच वेळी' आला, त्यातलं थिएटर आपल्याला कुलूपबंदच होतं. उरलं घर. झीप्लेक्सवर दोनशे एकोणपन्नास रुपये भरा आणि बघा. दुपारी सिनेमा खुला झाला आणि इतक्या लोकांनी एकदम गर्दी केली की सर्व्हरच झोपला. बांद्र्यापासून बनारसपर्यंत लोक पैसे भरून पडद्यावरचं गोल फिरणारं चाक बघत बसले. आलापल्लीला त्या चाकाची ओळख करून द्यावी लागली नाही. ते आमचं रोजचं. त्या दुपारी मात्र अख्खा देश घटकाभर आमच्या गावचा रहिवासी झाला होता, आणि पाहुण्यांची गैरसोय झाली याचं आम्हाला वाईट वाटलं.

तर एकाच दिवशी ओटीटीवर आलं म्हणजे आलापल्लीत त्याच दिवशी दिसलं, असंही समजू नये. इथे वारा सुटला की लाइट जाते, लाइट बराच वेळ गेली की टॉवर जातो, आणि टॉवर गेला की नवरा-बायको एकमेकांशी बोलू लागतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तसा आमचा पूर न येताही तुटतो. सिनेमा सुरू केला आणि शेजारच्या गुरुजींनी आवाज दिला, "काय चाललं आहे?" तर उत्तर ठरलेलं : "पिक्चर पाहून राह्यलो." अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं, तरी तेच. खोटं काही नाही, मधल्या वेळात नावांची पाटी संपलेली असते.

पण घरी सिनेमा बघण्याची जी गंमत आहे ती थिएटरवाल्यांनी एकदा इथे येऊन बघावी. 'पुष्पा' १७ डिसेंबर २०२१ ला थिएटरात आला आणि ७ जानेवारीला, तीनच आठवड्यांत, प्राइमवर. आधी तेलुगूसह दक्षिणेतल्या भाषा, हिंदी १४ तारखेला. त्या एका आठवड्यात घरोघरच्या, सिरोंच्याकडून आलेल्या तेलुगूभाषक सुनांचा आणि आत्याबाईंचा भाव असा वधारला की काही विचारू नका. एरवी ज्यांना कोणी रिमोटला हात लावू देत नव्हतं त्या मधोमध बसून भाषांतर करत होत्या, आणि हिरो चार वाक्यं बोलला तरी मराठीत एकच सांगत होत्या : "नाही म्हणून राह्यला."

आमच्या ओळीत वनखात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. सगळी नोकरी बीटवर, कूपात आणि डेपोत गेली. त्यांनी 'पुष्पा' हिंदीत बघितला. तीन तासांचा सिनेमा त्यांना दोन दिवस पुरला, कारण रिमोट त्यांच्या हातात होता. रक्तचंदनाचा ट्रक दिसला की थांबव. "याच्यावर हातोडा कुठे मारला आहे? निशाणीच नाही!" पुढे दुधाच्या टँकरमध्ये चोरकप्पा करून माल नेतात. थांबव. "नाक्यावर टँकरचं वजन का नाही केलं? दूध एवढं भारी असते का?" मग ओंडके नदीत सोडतात तो प्रसंग आला आणि काका उभेच राहिले.

"रक्तचंदन पाण्यात बुडतं, बाप्पा! दगडासारखं जातं तळाला!"

नातू म्हणाला, "आजोबा, सागाचं तरंगते ना?"

"वाळलेला असला तर तरंगते. ओला सागही बुडते. ब्रह्मदेशात इंग्रज उभ्या झाडाची साल गोल काढून आधी त्याला वाळू देत, मंग तोडत, मंग नदीत सोडत. लिहून घे."

नातवाने काही लिहून घेतलं नाही, पण सिनेमातल्या पोलिसांपेक्षा आजोबांनी हा तपास लवकर संपवला असता, हे सगळ्यांना पटलं. आता सांगा, हे प्रवचन चंद्रपूरच्या थिएटरात पाचव्या रांगेतून झालं असतं, तर काकांना मध्यंतरापर्यंत तरी बसू दिलं असतं का?

थिएटरवाल्यांची भीती मात्र खोटी नाही. घरी त्याच दिवशी सिनेमा मिळाला तर तिकीट कोण काढणार, असं त्यांना वाटतं. त्यांचं भाडं आहे, वीजबिल आहे, माणसांचे पगार आहेत. पण त्यांनी दोन गोष्टींचा विचार करावा.

पहिली गोष्ट चोरीची. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ज्या वस्तूवर बंदी असते तिला लोहखनिजाचे ट्रकही आडवे येत नाहीत, एवढा अनुभव जिल्ह्याने गाठीशी बांधला आहे. सिनेमाचंही तसंच. अधिकृत सिनेमा तिसऱ्या महिन्यात येतो आणि चोरीचा शुक्रवारी रात्री. ती थिएटरात मोबाइल धरून काढलेली कॉपी असते. तिच्यात हिरोपेक्षा पुढच्या रांगेतल्या माणसाचं टक्कल जास्त वेळ दिसतं, आणि ऐन भावनेच्या प्रसंगात कोणीतरी लघवीला उठतो. थिएटरचा अनुभव म्हणतात तो आमच्याकडे एवढाच पोहोचला आहे. पैसे देऊन चांगलं बघायला तयार असलेल्या माणसाला आठ आठवडे थांबवायचं आणि फुकट्याला पहिल्या रात्री मोकळं सोडायचं, असा हा नियम आहे.

आणि चोरी झाली म्हणून सिनेमा बुडतोच असंही नाही. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागला, थोड्याच दिवसांत त्याची कॉपी फुटली आणि मोबाइलमधून मोबाइलमध्ये गेली. तरी लोक ट्रॅक्टरमध्ये बसून थिएटरात गेले आणि मराठी सिनेमाने पहिल्यांदा शंभर कोटींचं तोंड पाहिलं. ज्यांच्या खिशात सिनेमा होता तेच रांगेतही होते, कारण त्यांना गाण्यावर नाचायचं होतं आणि घरात जागा नव्हती.

दुसरी गोष्ट झाडीपट्टीच्या नाटकांची. दिवाळी सरली की वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या बाहेर पडतात आणि होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा पालथं घालतात. गावात मंडईची जत्रा असो की शंकरपटाची शर्यत, रात्री नाटक हवंच. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटे पडतो. लोक तिकीट काढून, थंडीत, ब्लँकेट गुंडाळून, लेकरं मांडीवर झोपवून बघतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आता नवल बघा : हीच नाटकं यूट्यूबवरही सापडतात, फुकट. पण आम्हाला आठ आठवडे संरक्षण द्या म्हणून वडशाची कुठलीही कंपनी कोर्टात गेलेली नाही. मंडईला लेकी माहेरी येतात, जावई येतात, घरी वडे होतात, सोयरिकीची बोलणी तिथेच निघतात, मध्यरात्री चहाच्या ठेल्यावर गावातलं जुनं भांडण मिटतं किंवा नवं लागतं. हे सगळं मोबाइलवर येत नाही. आलंच, तर जावयाला वडे कुठून वाढणार?

म्हणजे जिथे जाण्यात मजा आहे तिथे लोक जातातच. घरी तीच गोष्ट फुकट पडलेली असली तरी जातात. आणि जिथे मजा म्हणजे फक्त थंडगार एसी आणि महाग पॉपकॉर्न, तिथे आठ आठवड्यांचं कुंपण घातलं तरी आत कोणाला कोंडणार?

मराठी सिनेमाचं तर या भांडणात नावही निघत नाही. त्याला शहरातच शो मिळवायला झगडावं लागतं, आणि मिळाला तर दुपारी पावणेतीनचा, जेव्हा मराठी माणूस एकतर कामावर असतो किंवा जेवून आडवा. पहिला सोमवार ओलांडला तर निर्मात्याने पेढे वाटायचे. थिएटरातून उतरल्यावर ओटीटीवर उगवेपर्यंत तो सिनेमा कुठे असतो हे कोणालाच सांगता येत नाही. पांडवांना अज्ञातवास निदान वर्षभरानंतर संपेल ही खात्री तरी होती. असा सिनेमा पहिल्याच दिवशी आलापल्लीला दाखवला, तर थिएटरवाल्याचा एक रुपयाही बुडणार नाही, कारण तो रुपया त्याच्या गल्ल्यात कधी पडणारच नव्हता. आम्ही कुठल्याच शुक्रवारच्या हिशेबात नव्हतो. जो प्रेक्षक मोजलाच नाही, तो कमी कसा होईल?

आमिर खानने २०२५ मध्ये एक वाट दाखवली आहे. 'सितारे जमीन पर' २० जूनला थिएटरात आला आणि १ ऑगस्टला यूट्यूबवर, शंभर रुपयांत. वर्षाची वर्गणी नाही, काही नाही, तिकीट काढावं तसे शंभर रुपये भरा आणि घरच्या सगळ्यांनी मिळून बघा. किंमत बरोबर आहे. फक्त मधले सहा आठवडे आम्हाला माफ करावेत.

म्हणून आलापल्लीची मागणी अशी. आठवड्यांचा नियम बाजूला ठेवा आणि किलोमीटरचा नियम करा. ज्याच्या घरापासून आपल्याच राज्यातलं थिएटर शंभर किलोमीटरच्या आत, त्याने आठ आठवडे थांबावं किंवा उठून थिएटरात जावं, त्याचं त्याने बघावं. ज्याचं घर त्यापलीकडे, त्याला सिनेमा पहिल्याच दिवशी, घरी, शंभर रुपयांत. पत्ता तपासायचा असेल तर आधार कार्ड दाखवतो, गरज पडली तर तलाठ्याचा दाखलाही आणतो. थिएटरवाल्यांचं नुकसान शून्य, चोराचं गिऱ्हाईक कमी, निर्मात्याच्या खिशात शंभर रुपये जास्त, आणि पुण्याच्या भाच्याला खुनी सांगायची संधी नाही.

निर्मात्यांनी यावर जरूर विचार करावा. शंभर रुपये काढून ठेवलेले आहेत. फक्त सिनेमा शुक्रवारी सकाळी लवकर सोडा, दुपारी आमच्याकडे लाइट जाते.